डिपेन्डन्ट व्हिसावर आलेल्या उमेदवाराची निवड : परदेशातील मुलाखत पॅनेलसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

नागपुरातून नोकरीसाठी परदेशी गेलेल्या अभियंत्यांच्या, डॉक्टरांच्या आणि संशोधकांच्या पाठोपाठ त्यांचे जोडीदारही जातात. यातले बरेच जण स्वतः व्हीएनआयटी, एलआयटी या तंत्रशिक्षण संस्थांतून किंवा मेडिकलमधून शिकलेले असतात. कोणी मिहानमधल्या कंपनीत टीम सांभाळलेली असते, कोणी नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेच्या प्रकल्पावर प्रयोगशाळेत वर्षे घालवलेली असतात. परदेशात पोहोचल्यावर मात्र त्यांची ओळख व्हिसाच्या एका वर्गापुरती, म्हणजे जोडीदाराच्या व्हिसाच्या आधारे मिळणाऱ्या "डिपेन्डन्ट" व्हिसापुरती उरते. नोकरीसाठी अर्ज केल्यावर त्यांच्यासमोर येणारे पॅनेल बहुधा दुष्ट हेतूचे नसते, पण त्यांच्याविषयीचे मत त्यांच्या कामापेक्षा त्यांच्या जोडीदाराच्या नोकरीवरून, मुक्कामावरून आणि बदलीच्या शक्यतेवरून बनत जाते.

हा लेख दोन प्रकारच्या मराठी वाचकांसाठी आहे. एक म्हणजे टोरांटो, म्युनिक, लंडन किंवा न्यू जर्सीत राहून तिथल्या कंपनीच्या पॅनेलवर बसणारे. आणि दुसरे म्हणजे नागपुरात राहूनच परदेशातल्या शाखेसाठी व्हिडिओवर तांत्रिक मुलाखती घेणारे. दोघांच्याही हातात बरेच काही असते. खाली सांगितलेल्या प्रत्येक टप्प्यामागचे तत्त्व एकच आहे : उमेदवार समोर येण्याआधी निकष लिहून काढा आणि त्या निकषांत जोडीदाराला जागा ठेवू नका.

पहिला टप्पा : काम करण्याच्या हक्काचा प्रश्न पॅनेलकडून काढून घ्या

सर्वाधिक नुकसान इथेच होते, म्हणून इथे थोडे थांबावे लागेल. पॅनेलमधल्या तांत्रिक सदस्यांना व्हिसाचे नियम सहसा अर्धवट माहीत असतात, आणि अशा माहितीच्या आधारे "हिला स्पॉन्सर करावे लागेल (म्हणजे कंपनीला तिच्या व्हिसासाठी सरकारकडे अर्ज करावा लागेल), कशाला डोक्याला ताप" असे म्हणून चांगला अर्ज बाजूला पडतो. प्रत्यक्षात बऱ्याच देशांत डिपेन्डन्ट जोडीदाराला नोकरी देताना कंपनीला वेगळे काहीच करावे लागत नाही.

ब्रिटनमध्ये स्किल्ड वर्कर (कुशल कर्मचारी) व्हिसाधारकाच्या जोडीदाराला जवळजवळ कोणतेही काम करता येते. व्यावसायिक खेळाडू आणि क्रीडा प्रशिक्षक हे त्यातले अपवाद. हक्काची पडताळणी उमेदवाराने दिलेल्या शेअर कोडवरून (सरकारी संकेतस्थळावरून मिळणाऱ्या सांकेतिक क्रमांकावरून) ऑनलाइन होते. जर्मनीत ब्लू कार्ड (उच्चशिक्षित परदेशी कर्मचाऱ्यांचा निवास परवाना) असलेल्याच्या जोडीदाराला नोकरी करण्याची पूर्ण मुभा असते आणि तसे त्याच्या निवास परवान्यावर नमूद केलेले असते. ऑस्ट्रेलियात ४८२ क्रमांकाच्या, मालकाने स्पॉन्सर केलेल्या नोकरीच्या व्हिसावरच्या कुटुंबीयांनाही काम करता येते आणि मालकाला ते व्हीवो या सरकारी प्रणालीत तपासता येते.

अमेरिकेत चित्र गुंतागुंतीचे आहे. एल-२ व्हिसावरच्या (कंपनीने अमेरिकेत बदली केलेल्या कर्मचाऱ्याच्या) जोडीदाराला नोव्हेंबर २०२१ पासून व्हिसाच्या दर्जामुळेच काम करण्याचा हक्क आहे आणि त्याच्या आय-९४ या देशात प्रवेशाच्या नोंदीवर जोडीदार असल्याचा वेगळा संकेत येतो. त्याच्याकडे वेगळे ईएडी कार्ड (काम करण्याच्या परवानगीचे कार्ड) मागण्याचे कारण नाही. एच-४ व्हिसावरच्या (एच-१बी या कुशल कर्मचाऱ्यांच्या व्हिसाधारकाच्या) जोडीदाराला मात्र हे कार्ड लागते, आणि मे २०१५ पासून लागू असलेल्या नियमानुसार ते सर्वांना मिळत नाही. मुख्य व्हिसाधारकाचा आय-१४० अर्ज (ग्रीन कार्डच्या प्रक्रियेतला) मंजूर झालेला असावा लागतो किंवा त्याला सहा वर्षांपुढची एच-१बी मुदतवाढ मिळालेली असावी लागते. ३० ऑक्टोबर २०२५ पासून दाखल झालेल्या कार्ड-नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, त्यामुळे अशा कर्मचाऱ्याचा नूतनीकरणाचा अर्ज वेळेत जावा यासाठी एचआरने तारखा आधीच नोंदवून ठेवायला हव्यात. कॅनडात २१ जानेवारी २०२५ पासून जोडीदाराच्या ओपन वर्क परमिटचे (एका मालकाशी न बांधलेल्या परवान्याचे) निकष आवळले गेले आहेत, पण ज्याच्या हातात परमिट आहे तो जवळजवळ कोणाकडेही काम करू शकतो. याउलट सिंगापूरमध्ये १ मे २०२१ पासून डिपेन्डन्ट पासधारकाला नोकरीसाठी स्वतःचा वर्क पास घ्यावा लागतो, म्हणजे तिथे कंपनीला खरोखरच अर्ज करावा लागतो.

एवढे तपशील पॅनेलच्या प्रत्येक सदस्याने पाठ करावेत अशी अपेक्षा नाही. एचआरने आपल्या देशापुरते एक पान तयार करावे, त्यावर तारीख घालावी आणि नियम बदलला की ते बदलावे. अर्जाच्या नमुन्यात सर्व उमेदवारांना एकाच शब्दांत विचारलेले दोन प्रश्न पुरतात : या देशात काम करण्याचा कायदेशीर हक्क तुम्हाला आहे का, आणि आता किंवा पुढे कंपनीने स्पॉन्सर करण्याची गरज पडेल का. उत्तरे एचआरकडे राहावीत. पॅनेलला फक्त "पात्र" एवढेच कळावे. अमेरिकेत आय-९ साठी (काम करण्याच्या हक्काच्या पडताळणीच्या फॉर्मसाठी) कोणते ग्राह्य कागदपत्र दाखवायचे हे निवडण्याचा हक्क कर्मचाऱ्याचा आहे, कंपनीचा नाही. म्हणून मुलाखतीत "कार्ड दाखवता का जरा" असे कोणीही म्हणू नये.

दुसरा टप्पा : जाहिरातीतली एक ओळ काढा

"स्थानिक अनुभव आवश्यक" ही ओळ बहुतेक जाहिरातींत सवयीने येते. ऑन्टारिओच्या मानवी हक्क आयोगाने २०१३ मध्येच "कॅनेडियन अनुभव" ही अट सकृद्दर्शनी भेदभावाची असल्याचे धोरण मांडले होते, आणि १ जानेवारी २०२६ पासून त्या प्रांतात पंचवीस किंवा अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना जाहीर केलेल्या नोकरीत ही अट घालता येत नाही. तुमच्या देशात असा कायदा नसला तरी स्वतःला विचारा : स्थानिक अनुभवातून नेमके काय हवे आहे? तिथल्या करपद्धतीची माहिती हवी असेल तर तसे लिहा, तिथल्या ग्राहकांशी फोनवर बोलता यायला हवे असेल तर तसे लिहा. कौशल्याचे नाव घेतले की नागपुरात दहा वर्षे निर्यातदारांचे हिशेब सांभाळलेली व्यक्तीही ते आपल्याकडे आहे की नाही हे प्रामाणिकपणे सांगू शकते.

तिसरा टप्पा : अर्ज चाळताना

टोरांटो विद्यापीठातील अर्थतज्ज्ञ फिलिप ओरिओपोलस यांनी कॅनडात बनावट रेझ्युमे पाठवून केलेला अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. शिक्षण आणि अनुभव कॅनडातलाच असूनही, इंग्रजी नावाच्या उमेदवारांना भारतीय, पाकिस्तानी आणि चिनी नावांच्या उमेदवारांपेक्षा सुमारे चाळीस टक्के अधिक वेळा बोलावणे आले. म्हणून पहिल्या चाळणीत शक्य असेल तिथे नाव झाकावे. पण नाव झाकल्याने सगळे सुटत नाही, कारण आपल्याकडच्या उमेदवाराच्या कागदपत्रांत नावाच्या अडचणी पुढेही येत राहतात.

महाराष्ट्रातल्या मुलीच्या मार्कशीटवर तिचे नाव, वडिलांचे नाव आणि माहेरचे आडनाव असते. लग्नानंतर काही जणी राजपत्रात नाव बदलून घेतात, आणि मग पासपोर्टवर नवऱ्याचे नाव व सासरचे आडनाव येते. काही जणी बदलतच नाहीत. काहींच्या पहिल्या नोकरीचे रिलीव्हिंग लेटर एका नावाचे आणि दुसऱ्या नोकरीचे दुसऱ्या नावाचे असते. संस्थांचेही तसेच आहे : १९२३ साली स्थापन झालेले नागपूर विद्यापीठ २००५ पासून राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ झाले, आणि पूर्वीचे व्हीआरसीई २००२ मध्ये व्हीएनआयटी झाले. अर्जात आजचे नाव आणि पदवीवर जुने नाव दिसले की अनोळखी वाचकाला संशय येतो. चाळणी करणाऱ्याला हे आधी सांगून ठेवा, आणि नावातल्या फरकावरून अर्ज बाद करण्याचा अधिकार कोणालाही देऊ नका. तो प्रश्न ऑफरनंतरच्या पडताळणीत राजपत्राची प्रत किंवा विवाह प्रमाणपत्र पाहून सुटतो.

मग येतो तो गॅप. एच-४ वरच्या जोडीदाराच्या रेझ्युमेत तीन-चार वर्षे कोरी दिसतात, याचे कारण बहुतेकदा एवढेच असते की त्या काळात कायद्याने तिला काम करायला मनाई होती. पगारी स्वरूपाचे काम बिनपगारी करणेही तिला अडचणीत आणू शकले असते. अशा रिकाम्या वर्षांना गुण कापणे म्हणजे कायदा पाळल्याबद्दल दंड लावणे होय. गुणतक्त्यात "सलग अनुभव" असा रकाना असेल तर तो काढून टाका आणि त्याजागी "या कामाला लागणारे ज्ञान आज कितपत ताजे आहे" असा रकाना घाला. त्याचे उत्तर छोट्या कामगिरीतून मिळू शकते. निवड पद्धतींवरच्या जुन्या संशोधनाचा पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये फेरआढावा घेतला, तेव्हा अनुभवाची वर्षे हा पुढच्या कामगिरीचा अगदी कमजोर निर्देशक ठरला आणि ठरावीक प्रश्नांची रचनाबद्ध मुलाखत सर्वांत पुढे राहिली. वर्षे मोजण्यातला आपला विश्वास त्यामुळे तरी थोडा सैल व्हावा.

भारतातल्या अनुभवाचे स्वरूपही समजून घ्यावे लागते. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या प्राध्यापिकेचा अनुभव बाहेरच्या वाचकाला "पार्ट-टाइम" वाटतो; पण तिने बऱ्याचदा पूर्ण विषय शिकवलेला असतो, प्रात्यक्षिके घेतलेली असतात, पेपर तपासलेले असतात. अर्जातच "तुमच्या जबाबदारीत नेमके काय होते, किती विद्यार्थी, नमुने किंवा ग्राहक तुम्ही हाताळत होता" असा प्रश्न असेल तर पदनामाच्या पलीकडचे दिसते.

चौथा टप्पा : पॅनेलवर कोण

तीन सदस्य पुरेसे होतात, आणि त्यांपैकी किमान एक जण थेट त्या संघातला नसावा. एखादा भारतीय सदस्य घेतला की पॅनेल आपोआप समावेशक झाले, असे समजू नका. हे मी ठामपणे लिहिते, कारण आपलीच माणसे कधीकधी अधिक कठोर होतात. आडनाव ऐकून गाव आणि जात ताडणे, कॉलेजच्या नावावरून हुशारी ठरवणे आणि आपुलकीच्या सुरात "मिस्टर कुठे असतात?" असे विचारणे, हे परक्या सदस्याला सुचतही नाही, आपल्याला मात्र सहज सुचते. मराठी उमेदवार समोर आला म्हणून मध्येच मराठीत बोलणेही टाळावे. त्याने उमेदवाराचा ताण क्षणभर हलका होतो, पण इतर सदस्यांना न कळलेला भाग त्यांच्या गुणांत येत नाही आणि निवड झाल्यास "ओळखीचे निघाले" अशी कुजबुज उमेदवाराच्याच वाट्याला येते.

ज्याने स्वतः डिपेन्डन्ट म्हणून सुरुवात केली आहे असा सहकारी कंपनीत असेल तर त्याला प्रश्न तयार करताना बोलवा. प्रत्येक मुलाखतीत मात्र त्यालाच बसवू नका. ते त्याच्या कामावर पडणारे बिनमोबदल्याचे ओझे असते.

पाचवा टप्पा : प्रश्न आणि पहिली पाच मिनिटे

सर्व उमेदवारांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने विचारावेत, आणि प्रत्येक प्रश्नाच्या उत्तम, ठीक आणि अपुऱ्या उत्तराचे वर्णन आधीच लिहिलेले असावे. हे बहुतेक पॅनेलना माहीत असते. गडबड होते ती त्याआधीच्या गप्पांत. कागदावरचे प्रश्न निर्दोष असतात, पण चहाचा कप पुढे करताना किंवा व्हिडिओ जोडला जात असताना कोणीतरी विचारते : "या शहरात कसे काय येणे झाले?" उमेदवार खरे उत्तर देते, "नवऱ्याची इकडे बदली झाली म्हणून." पुढचा प्रश्न ओघाने येतो : "मग त्यांचे प्रोजेक्ट किती दिवसांचे आहे?" मुलाखत अजून सुरूही झालेली नसते आणि तिघांच्या मनात "ही टिकणार नाही" असे नोंदले गेलेले असते. पुरुष उमेदवार बायकोच्या व्हिसावर आलेला असेल तर त्याच्याबाबतीत आणखी एक शंका डोके वर काढते, की याचे स्वतःचे काही जमत नसावे.

म्हणून सुरुवातीचे बोलणेही ठरवून ठेवा. अध्यक्षाने पॅनेलची ओळख करून द्यावी, मुलाखत किती वेळ चालेल आणि किती प्रश्न आहेत ते सांगावे, आणि थेट पहिल्या प्रश्नावर यावे. गप्पाच मारायच्या असतील तर त्या कामाच्या जागेविषयी, संघाविषयी असाव्यात, आणि बोलणारे पॅनेल असावे.

काही प्रश्नांना सरळ पर्याय आहेत. "इथे किती वर्षे राहणार?" याऐवजी "या पदावर पहिल्या वर्षात तुम्हाला काय उभे करायला आवडेल?" असे विचारा. "मुलांचे कोण बघते?" याऐवजी सर्वांनाच सांगा की महिन्यातून दोनदा संध्याकाळची पाळी असते, आणि ते जमेल का एवढेच विचारा. "भारतात हे काम वेगळ्या पद्धतीने होत असेल ना?" या प्रश्नात उत्तर आधीच गृहीत धरलेले असते, त्याऐवजी "तुम्ही केलेल्या एखाद्या कामातली अडचण आणि ती कशी सोडवली ते सांगा" असे म्हणा आणि मध्ये न बोलता ऐका. कायद्याची बाजूही इथे आहे. ब्रिटनच्या २०१० च्या समानता कायद्यात राष्ट्रीयत्व आणि वांशिक मूळ यांना संरक्षण आहे, तसेच नोकरीच्या संदर्भात विवाहालाही आहे. ऑन्टारिओच्या मानवी हक्क संहितेत वैवाहिक आणि कौटुंबिक स्थिती दोन्ही येतात. अमेरिकेत १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचे सातवे प्रकरण राष्ट्रीय मूळ आणि लिंग यांवरून भेदभावाला मनाई करते, आणि नवऱ्याविषयीचा प्रश्न फक्त स्त्रियांनाच विचारला गेला तर तो तक्रारीत पुरावा ठरू शकतो.

मराठी माध्यमातून शिकलेल्या उमेदवाराला "मी" म्हणून स्वतःचे श्रेय सांगणे जड जाते. नीरीतल्या एखाद्या प्रकल्पावर पाण्याच्या नमुन्यांचे सगळे पृथक्करण एकटीने केलेली संशोधिका "आम्ही केले" असे म्हणते, आणि तिचा वाटा कमी होता असा अर्थ पॅनेल काढते. इथे पाठपुराव्याचा एक ठरावीक प्रश्न लिहून ठेवा आणि तो सर्वांना विचारा : "यातला कोणता भाग तुमच्या हातचा होता?" एवढ्या एका प्रश्नाने चित्र पालटते.

सहावा टप्पा : गुण आधी, चर्चा नंतर

मुलाखत संपताच प्रत्येकाने एकमेकांशी न बोलता आपापले गुण भरावेत आणि प्रत्येक गुणाशेजारी उमेदवाराने प्रत्यक्ष काय सांगितले याची एक ओळ लिहावी. "संवाद कमी पडतो" ही ओळ पुरेशी नाही. "दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दोनदा विचारूनही मुद्द्यावर आले नाही" ही पुरेशी आहे. उच्चारांची लकब वेगळी असणे आणि बोलणे न समजणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि ग्राहकाशी बोलणे हा कामाचा भाग नसेल तर दोन्हींना गुणतक्त्यात जागा नसावी. "आमच्यात बसेल असे वाटत नाही" हे वाक्य कोणी उच्चारले तर अध्यक्षाने ते कोणत्या निकषाखाली येते हे विचारावे. निकष सापडला नाही तर ते नोंदीत घेऊ नये.

सातवा टप्पा : "टिकेल का?"

निर्णयाच्या बैठकीत हा प्रश्न येणारच, आणि तो दाबून टाकण्यापेक्षा त्याला समोरासमोर उत्तर देणे मला योग्य वाटते. शंका खोटी नसते. जोडीदाराची बदली झाली तर कर्मचारी शहर सोडू शकतो. पण ज्याचा जोडीदार त्याच देशात जन्मलेला आहे तोही घर बदलतो, दुसरी ऑफर घेतो, पुढे शिकायला जातो, आणि त्याच्या मुलाखतीत हा हिशेब कोणी मांडत नाही. एकाच उमेदवाराला लावलेली कसोटी ही कसोटीच नव्हे. शिवाय कंपनीला यावर करण्यासारखे बरेच असते : दुसऱ्या शहरातल्या शाखेत बदलीची सोय, घरून काम करण्याचे लेखी धोरण, आणि कामाच्या नोंदी एकाच माणसाच्या डोक्यात न राहता संघाकडे असणे. हे उपाय सर्वच कर्मचाऱ्यांना उपयोगी पडतात. म्हणून अध्यक्षाने नियम घालावा की राहण्याच्या कालावधीविषयीचा अंदाज बैठकीत मांडायचा नाही. पद ठरावीक मुदतीचे असेल तर ती मुदत जाहिरातीतच छापलेली असावी.

आठवा टप्पा : ऑफरनंतरची पडताळणी

निवड होऊनही अनेकांची नोकरी इथे अडकते. पडताळणी करणारी एजन्सी पूर्वीच्या मालकाच्या कार्यालयीन ईमेलवरून उत्तर मागते, आणि नागपुरातले अनुदानित महाविद्यालय किंवा लहान प्रयोगशाळा लेटरहेडवर, जावक क्रमांक घालून, सही-शिक्क्यानिशी उत्तर देते. तेही सवडीने. एजन्सी तोवर "उत्तर नाही" अशी खूण करून मोकळी होते. यासाठी मुदत पुरेशी ठेवा, सही-शिक्क्याचे पत्र ग्राह्य धरा, आणि एजन्सीला भारतीय वेळेत, दुपारी बारा ते चारच्या दरम्यान फोन करायला सांगा. टोरांटोच्या कार्यालयात सकाळचे दहा वाजतात तेव्हा नागपुरात संध्याकाळचे साडेसात किंवा साडेआठ झालेले असतात आणि कार्यालयाला कुलूप लागलेले असते.

पदवीच्या समकक्षतेसाठी जर्मनीत अनाबिन ही माहितीसूची, ब्रिटनमध्ये यूके एनिक आणि कॅनडात डब्ल्यूईएससारख्या संस्था आहेत. समकक्षतेचा अहवाल खरोखर लागणार असेल तर तो जाहिरातीत सांगा, कारण विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्ट (सर्व विषयांच्या गुणांचा अधिकृत उतारा) मागवायला आणि घरच्या कोणाला तरी त्यासाठी फेऱ्या मारायला वेळ जातो; आणि तो लागणार नसेल तर केवळ परदेशी पदवी आहे म्हणून मागू नका. संदर्भ देणारी व्यक्ती इंग्रजीत मोघम बोलली तर त्याचा अर्थ नाराजी असा घेऊ नये. तिलाही लेखी, ठरावीक प्रश्न पाठवावेत.

नकार द्यायचा असेल तर तो कारणासह द्यावा. गुणतक्ता नीट भरलेला असेल तर दोन ओळींत कारण लिहिता येते, आणि परक्या देशात पहिल्यांदा मुलाखत दिलेल्या माणसाला त्या दोन ओळी पुढच्या अर्जासाठी फार उपयोगी पडतात.

नोंदी कशा ठेवाव्यात

गुणतक्ते, प्रश्न आणि निर्णयाचे कारण तुमच्या देशातला कायदा सांगेल तेवढा काळ जपून ठेवा. वर्षातून एकदा एचआरने, नावे झाकून, एवढेच पाहावे की डिपेन्डन्ट व्हिसावरचे उमेदवार कोणत्या टप्प्यावर गळतात. चाळणीतच गळत असतील तर तिसऱ्या टप्प्याकडे परत जावे. मुलाखतीपर्यंत येऊन गळत असतील तर पहिल्या पाच मिनिटांत काय बोलले जाते ते एखाद्या त्रयस्थाने दोन-तीन मुलाखतींत मागे बसून ऐकावे. आणि ऑफर मिळाल्यावर गळत असतील तर पडताळणीच्या एजन्सीशी केलेला करार उघडून त्यातली मुदत आधी बदलून घ्यावी.